अळी ओळखीची, पतंग अनोळखी

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात कापसाचं बोंड फोडून आतली गुलाबी अळी दाखवता येणार नाही, असा शेतकरी सापडणं कठीण. डोमकळी कशी दिसते, हरभऱ्याच्या घाट्यात अर्धं अंग खुपसून बसलेली अळी कोणती, सोयाबीनवर पाठ उंचावत चालणारी कोणती, हे इथली शाळकरी पोरंही सांगतात. त्याच अळीचा पुढे झालेला पतंग रात्री ओसरीतल्या दिव्यावर येऊन बसला, तर मात्र त्याला ‘पाखरू’ यापलीकडे नाव नसतं. गुलाबी बोंडअळीचा पतंग तर एवढासा आणि मातकट, की कामगंध सापळ्यात अडकला नाही तर तो नजरेतही भरत नाही.

यात शेतकऱ्याचा दोष नाही. नुकसान करते ती अळी, तेव्हा लक्ष जाणार तेही अळीकडेच. पण शास्त्राने पतंगांची नावं ठेवली ती बहुतेक पंखवाल्या, वाढ पूर्ण झालेल्या कीटकावरून. त्यामुळे एकाच जिवाबद्दलचं ज्ञान दोन ठिकाणी वाटलं गेलं आहे. तो कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात, काय खाऊन वाढतो हे गावाकडे. त्याचं नाव, कुळ आणि मूळ नमुना संग्रहालयाकडे. फारसा ठाऊक नसलेला पतंग ओळखायचा आणि त्याला नाव द्यायचं म्हणजे ही दोन टोकं जुळवायची. ती आजवर कशी जुळवली गेली, कुठे जुळलीच नाहीत आणि महागावसारख्या तालुक्यात काय करता येईल, याचा हा आढावा.

आधी पसारा किती आहे ते पाहू. जगात आजवर नाव मिळालेल्या पतंगांच्या जाती सुमारे १ लाख ६० हजार आहेत. भारतातल्या जाती दहा हजारांच्या वर जातात. फुलपाखरांच्या जेमतेम तेराशे-चौदाशे. पिकांना त्रास देणारे, म्हणून ज्यांच्यावर खरोखर अभ्यास झाला असे पतंग यातले मूठभर. उरलेल्यांपैकी कितीतरींची नोंद म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकातल्या चार ओळी आणि लंडनच्या पेटीतला टाचणीवरचा एक नमुना. महागावच्या भूगोलात अशा जातींना भरपूर जागा आहे. हिवरा संगमाला पूस पैनगंगेला मिळते. पलीकडे उमरखेडच्या बाजूला पैनगंगा अभयारण्याचं सागवान जंगल. मध्ये काळ्या मातीतला कापूस, सोयाबीन, तूर, ऊस, हळद. आणि बांधावर, नाल्याकाठी पळस, बाभूळ, मोहा, तेंदू, ऐन, धावडा. प्रत्येक झाडाचे स्वतःचे पतंग असतात.

नाव कसं पडतं, हे समजायला या जिल्ह्याने सर्वांत जास्त सोसलेल्या किडीचंच उदाहरण घेऊ. १८४२ च्या सुमारास गुजरातेत भडोच परिसरातल्या सरकारी लागवडीत अमेरिकन कापसावर एक अळी पडली. तिथल्या अधिकाऱ्याने नमुने आणि त्यासोबत आपली निरीक्षणं विलायतेला पाठवली. विल्यम विल्सन साँडर्स या कीटकशास्त्रज्ञाने त्यावरून पतंगाचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं ‘डिप्रेसारिया गॉसिपिएला’. पुढे १९१७ मध्ये ऑगस्ट बस्क यांनी या पतंगासाठी ‘पेक्टिनोफोरा’ ही नवी प्रजाती उभी केली. म्हणून आज नाव लिहितात ते पेक्टिनोफोरा गॉसिपिएला (साँडर्स, १८४४) असं. साँडर्सचं नाव कंसात आहे, कारण जातीचं नाव त्याचं राहिलं आणि प्रजाती बदलली. नियम साधा आहे: लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून पुढे ज्याने आधी रीतसर वर्णन केलं, त्याचं नाव चालतं. कंस असो की साल, नावामागचा सगळा प्रवास त्यातून उलगडतो. १९२६ मध्ये होल्डवे यांनी ऑस्ट्रेलियातल्या कापसावरून या पतंगाची एक जवळची बहीण वेगळी काढली, ‘स्क्युटिजेरा’. दोघींचे पतंग नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. फरक कळतो तो जननांग उघडून पाहिल्यावर.

पतंगांना स्वतःला मात्र असा घोळ होत नाही. मादी हवेत सोडते तो गंध त्याच जातीच्या नराला कळतो. गुलाबी बोंडअळीच्या मादीच्या गंधाची रासायनिक ओळख १९७३ मध्ये पटली, ‘गॉसिप्लुअर’ तयार झालं आणि कामगंध सापळ्यातली गोळी आली. ही गोळी हिरव्या बोंडअळीच्या नराला ओढत नाही, ठिपक्यांच्या बोंडअळीच्या नराला ओढत नाही. तिन्ही बोंडंच पोखरतात, पण त्यांची कुळं वेगळी, राहण्याची तऱ्हा वेगळी, उपायही वेगळे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने दोन जनुकांचा बीटी कापूसही पोखरला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंना अनेक कारणं होती आणि एका लेखाच्या ओघात त्यांचा निवाडा करणं योग्य नाही. पण समोर नेमकी कोणती कीड आहे याची खात्री नसताना दोन-तीन औषधं एकत्र करून फवारण्याची रीत जिथे आहे, तिथे कीड ओळखणं हा माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे, एवढं तरी म्हणायलाच हवं.

दख्खनच्या पतंगांची पद्धतशीर नोंद सुरू झाली ती चार्ल्स स्विन्हो या लष्करी अधिकाऱ्यापासून. मुंबई आणि दख्खनच्या पतंग-फुलपाखरांवरचं त्याचं लेखन १८८५ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कामकाजात छापलं गेलं. ज्वारीचा खोडकिडा, ‘कायलो पार्टेलस’, त्यानेच त्या वर्षी नोंदवला. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत स्विन्हो होता. त्याच आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टरही होते. आत्माराम पांडुरंगांना आपण प्रार्थना समाजामुळे ओळखतो आणि सखाराम अर्जुनांना रखमाबाईंच्या सावत्र वडिलांच्या नात्याने. निसर्गाच्या नोंदी ठेवण्याच्या कामातही ते पहिल्या फळीत उभे होते, हे आपल्या सामाजिक इतिहासात अधिक ठळकपणे यायला हवं.

त्यानंतर आले जॉर्ज हॅम्पसन. निलगिरीत चहाचे मळे सांभाळलेल्या या माणसाने १८९२ ते १८९६ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पतंगांवर चार खंड लिहिले. आजही भारतातला अनोळखी पतंग समोर आला की अभ्यासक आधी हॅम्पसन उघडतो. काम अफाट आहे, पण त्यातली ठिकाणं नजरेखालून घातली की सिक्कीम, खासी टेकड्या, निलगिरी, श्रीलंका, ब्रह्मदेश हेच पुन्हा पुन्हा भेटतात. वऱ्हाडातली पानगळीची रानं आणि काळ्या मातीची शेतं तिथे क्वचितच दिसतात. ही पोकळी पुढेही पुरती भरली नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पुण्यातलं केंद्र १९५९ पासून आहे, २०१२ मध्ये महाराष्ट्राच्या प्राणिजीवनावर तिचे खंड निघाले, उत्तर महाराष्ट्रातल्या पतंगांची प्राथमिक यादी २०१३ मध्ये छापली गेली, सह्याद्रीत तर बरंच काम झालं. विदर्भात अभ्यासकाची पावलं मेळघाट आणि ताडोब्याकडे वळतात. वाघ नसलेल्या तालुक्यात रात्री पांढरा पडदा बांधून बसायला कोणी येत नाही.

पडदा आणि दिवा हीच पतंग पाहण्याची प्रचलित पद्धत. अमावस्येच्या आगेमागे, पाऊस उघडलेल्या दमट रात्री पांढऱ्या कापडावर जांभळ्या किरणांचा किंवा पाऱ्याच्या वाफेचा दिवा टाकला की पतंग येतात. त्यातले काही लगेच ओळखू येतात. तुरीचा पिसारी पतंग चिरलेल्या पंखांमुळे टी अक्षरासारखा बसतो. त्याला मराठीत नावही नेमकं मिळालं आहे. सागाची पानं खाणारा ‘हिब्लिया प्युएरा’ मिटलेल्या पंखांनी करडा दिसतो, पण मागचे नारिंगी पट्ट्यांचे पंख उघडले की शंका राहत नाही. संत्र्यातला रस शोषणारे ‘युडोसिमा’ पतंग मोठे आणि पिवळ्याजर्द मागच्या पंखांचे. तिळावरच्या मोठ्या अळीचा पतंग पाठीवरच्या कवटीसारख्या खुणेमुळे ओळखू येतो. हे सोपे गडी. अशा पतंगांचे फोटो काढून नाव लावणारी हौशी मंडळी गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाढली, आणि त्यांच्यामुळे कोणती जात कुठवर पसरली आहे याची माहितीही वाढली. त्यांचं मोल मी कमी लेखत नाही.

अडतं ते यापुढे. एरंडावर काळसर, केसाळ अळ्यांचा थवा पडतो. त्यांच्यापासून होणाऱ्या पतंगाचे पुढचे पंख तपकिरी-करडे, त्यांवर काळे ठिपके; मागचे पंख गुलाबी-लाल, काळ्या डागांचे. फॅब्रिसियसने १७७५ मध्ये याला ‘रिसिनी’ नाव दिलं, एरंडाच्याच शास्त्रीय नावावरून. भारतातल्या शेतकीच्या पुस्तकांत हा पतंग ‘पेरिकॅलिया रिसिनी’ म्हणून छापला गेला आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी तो तसाच पाठ केला. १९८० मध्ये वॉटसन यांनी त्याच्यासाठी ‘ओलेपा’ ही प्रजाती केली. १९८६ मध्ये ओरां या फ्रेंच अभ्यासकाने जननांगं तपासून दाखवलं, की वरून एकसारख्या दिसणाऱ्या या पतंगांत अनेक जाती दडल्या आहेत. २००५ मध्ये तर याच भारतीय घराण्याची एक जात इस्राएलच्या किनारपट्टीत सापडली आणि ‘ओलेपा श्लायनी’ म्हणून नवी नोंदवली गेली. आता महागावच्या बांधावरच्या एरंडावर असलेली ओलेपा कोणती? फोटोवरून कोणी ‘रिसिनी’ लिहिलं, तर ते बरोबर असेल किंवा नसेलही; फोटोत ते ठरवण्याचं साधन नाही. सर्वांत परिचित अळीचीही ही गत आहे, मग बोटाच्या नखाएवढ्या पतंगांचं काय, हे ज्याचं त्याने ओळखावं.

ते साधन म्हणजे सूक्ष्मदर्शक. मेलेल्या नराचं पोट वेगळं करून दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करतात; मांसल भाग विरघळतो आणि आतली कडक चौकट उरते. नर-मादीच्या जननांगांची रचना जातीजातीत कुलूप-किल्लीसारखी वेगळी असते. काम बारीक आणि संथ आहे. हात बसायला वेळ लागतो. याच पद्धतीने मोठे गोंधळ सुटले आहेत. तंबाखूची पानं खाणारी म्हणून आपण ओळखतो ती ‘स्पोडोप्टेरा लिट्युरा’ आणि आफ्रिका-भूमध्य भागातली ‘लिटोरॅलिस’ अनेक दशकं एकच समजल्या जात. १९६३ मध्ये त्या वेगळ्या ठरल्या. घाटेअळीचा पतंग ‘हेलिओथिस’ मधून निघून १९६५ मध्ये ‘हेलिकोव्हर्पा’ मध्ये गेला. शेतकऱ्याला हे नावांचे खेळ वाटू शकतात. पण कोणता मित्रकीटक कोणत्या जातीवर चालतो, कोणतं औषध कुठे निकामी झालं, ही माहिती देशोदेशी नावाच्या आधारानेच पोचते. नाव चुकलं की माहितीही चुकीच्या पत्त्यावर जाते.

दुसरं साधन डीएनए बारकोड. कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये सुचवलं, की पेशीतल्या एका ठराविक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून जात ओळखता यावी. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातल्या शिवमोग्गा भागात मक्यावर अनोळखी अळी दिसली, तेव्हा बाह्य खुणा, जननांगं आणि बारकोड यांच्या आधारे काही आठवड्यांतच निदान झालं: ‘स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डा’, अमेरिकन लष्करी अळी. स्मिथने १७९७ मध्ये अमेरिकेतून वर्णन केलेली, २०१६ मध्ये आफ्रिकेत पोचलेली. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके ही खूण शेतकऱ्यांपर्यंत लगोलग गेली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली, तेव्हा तिचं नाव आणि रूप आधीच ठाऊक होतं. निदान एवढं झपाट्याने झालं, कारण या अळीची जगभर भीती होती आणि तिचा बारकोड आधीच साठ्यात होता. पळसावरच्या एखाद्या निरुपद्रवी पतंगाचा तुकडा वाचला, तर साठ्यात जुळणारं काहीच मिळत नाही, किंवा मिळतं ते दुसऱ्या कोणी चुकीचं नाव लावून ठेवलेलं. बारकोड तुलना करून देतो. बरोबर नावाचा नमुना आधी माणसालाच तयार करावा लागतो.

समजा सगळं तपासून पतंग खरोखरच नवा निघाला. मग सर्वांत जवळच्या जातींचे मूळ नमुने पाहावे लागतात, आणि आपल्या पतंगांचे जुने मूळ नमुने बहुतांश लंडनला आहेत. पाहणी झाली की एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून निवडायचा, फरक शब्दांत आणि चित्रांत मांडायचे, आंतरराष्ट्रीय नामसंहितेला धरून प्रसिद्ध करायचे. २०१२ पासून फक्त इंटरनेटवर निघणारं संशोधनही, झूबँक या प्राणिनामांच्या नोंदणी-संकेतस्थळावर नोंद असेल तर, ग्राह्य धरतात. भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्याने आणखी एक जबाबदारी घातली आहे: नवी जात सापडली की तिची माहिती आणि नमुना नेमून दिलेल्या राष्ट्रीय संग्रहात द्यायचा. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. ते पाळलं गेलं, तर शंभर वर्षांनी यवतमाळच्या अभ्यासकाला लंडनचं तिकीट काढावं लागणार नाही. अभयारण्यातून काहीही गोळा करायला वनखात्याची परवानगी लागते. ती घेऊनच काम करावं.

इथपर्यंतची वाट अवघड आहे आणि तिच्यावर तज्ज्ञच चालणार. पण मधला एक मोठा टप्पा असा आहे, की त्यात तज्ज्ञाहून गावातला माणूस अधिक उपयोगी पडतो. तो म्हणजे अळी पाळणं.

दिव्यावर आलेला पतंग आपलं झाड सोबत आणत नाही. बाभळीवर काट्याकाड्यांची पिशवी विणून लोंबणारी ‘युमेटा क्रेमेरी’ पाहा. तिच्या मादीला पंखच नसतात. ती जन्मभर पिशवीतून बाहेर पडत नाही, म्हणून कोणत्याही दिव्यावर ती कधी येणार नाही. तिच्या नराची ओळख पटते ती पिशवी घरात ठेवून वाट पाहिल्यावर. संत्र्याचा रस शोषणाऱ्या पतंगाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. पतंग येतो बागेत, पण त्याची अळी संत्र्याच्या झाडाला तोंड लावत नाही. ती वाढते गुळवेलीवर आणि वासनवेलीवर, बागेबाहेरच्या कुंपणात. हा दुवा अळी पाळल्यानेच कळतो.

मराठी मुलखाला लागून असलेल्या कारवारात याचा एक आदर्श उभा राहिला. टी. आर. बेल हा तिथला वनाधिकारी. त्याने वर्षानुवर्षं रानातल्या अळ्या आणून पाळल्या, कोणती कोणत्या वनस्पतीवर जगते हे लिहून ठेवलं. स्कॉट यांच्यासोबत त्याने लिहिलेला हॉक मॉथ पतंगांवरचा खंड १९३७ मध्ये निघाला. त्यातली अळ्यांची वर्णनं अजून वापरात आहेत, कारण ती पिंजऱ्यासमोर बसून लिहिलेली आहेत.

त्यासाठी लागतं ते सामान घरातलंच. झाकणाच्या जागी कापड बांधलेली बरणी, तळाला ओलसर माती, कारण कित्येक अळ्या कोषासाठी मातीत उतरतात, आणि रोज त्याच झाडाचं ताजं पान. दुसऱ्या झाडाचं पान घालून पाहण्याचा मोह टाळावा. अळीचा फोटो प्रत्येक कात टाकल्यावर घ्यावा, कारण रंग बदलतात. कोषातून पतंगाऐवजी बारीक गांधीलमाशी किंवा माशी बाहेर आली, तरी तिलाही जपून ठेवावं. त्या अळीचा नैसर्गिक शत्रू सापडला, ही स्वतंत्र आणि शेतीच्या दृष्टीने कदाचित अधिक महत्त्वाची नोंद आहे. आणि चिठ्ठी विसरू नये: गाव, तालुका, जिल्हा, तारीख, झाडाचं नाव, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेला सुंदर पतंग शास्त्राच्या काही उपयोगाचा नाही. पंख फाटलेला पण चिठ्ठी असलेला पतंग आहे.

कृषी महाविद्यालयांत कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थी कीटकांच्या पेट्या करतात. परीक्षा संपली की पेटीला वाळवी, बुरशी आणि संग्रह खाणारे भुंगेरे लागतात. त्या पेट्यांमधले पतंग नीट चिठ्ठीसह एका ठिकाणी ठेवले, तर दहा वर्षांत जिल्ह्याचा संग्रह उभा राहील. ग्रामपंचायतींच्या लोक जैवविविधता नोंदवहीत झाडं, पक्षी, जनावरं लिहिली जातात; कीटकांचं पान बहुधा मधमाशी आणि फुलपाखरावर संपतं. तिथे अळ्यांची स्थानिक नावं तरी उतरवावीत. वऱ्हाडी, बंजारा आणि आंध-गोंड घरांत ती वेगवेगळी असणार. अशा नावांची मर्यादाही त्यासोबत लिहावी: सोयाबीनवरची उंटअळी म्हणजे एक जात नव्हे, पाठ उंचावत चालणाऱ्या तीन-चार जातींना मिळून ते नाव आहे, आणि एरंडावरची उंटअळी ‘अकिया जनाटा’ ही त्यांहून निराळी.

ओळख पटली नाही, तर तसंच लिहावं. ‘ओलेपा, जात अनिश्चित, एरंडावर पाळली, महागाव’ ही नोंद घाईने लावलेल्या पूर्ण नावापेक्षा कधीही चांगली. पुढे कोणी ती दुरुस्त करू शकतो. चुकीचं नाव एकदा यादीत शिरलं की यादीतून यादीत उतरत राहतं, पेरिकॅलिया रिसिनी राहिलं तसं. सुरुवात याच पतंगापासून करावी असं मी सुचवेन. एरंड प्रत्येक गावात आहे, अळी पावसाळ्यात सहज मिळते, पाळायला सोपी आहे, आणि प्रश्न खरा आहे. वेगवेगळ्या गावांतून पाळून काढलेले डझनभर नर, नीट लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि जननांग तपासायला बसणारा एक माणूस, एवढ्यावर महागाव तालुक्यात या घराण्याच्या किती जाती आहेत ते सांगता येईल.